सी प्लस प्लस, जावा, पायथन आणि ब्राउझर: एकच नोंद चौघांनी सारखी वाचावी म्हणून काय करावं?

काटेघर (प्रश्न)

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये आहे आणि लिनक्सवर चालतो. प्रत्येक खेपेची नोंद तो फाइलमध्ये टाकतो. पुढे ती नोंद तिघांना लागते. शेतकी विभागाच्या बिलासाठी जावाचा प्रोग्राम आहे, रोजचे तक्ते पायथनमध्ये होतात, आणि गेटवरचा पडदा ब्राउझरमध्ये चालतो. ब्राउझरला नोंद जावाकडून जेसनमध्ये (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या साध्या मजकुरात) मिळते.

नोंदीचा स्ट्रक्ट (फील्डं एकत्र ठेवणारी रचना) असा आहे: टोकन (६४ बिटी पूर्णांक), पाळी (एक अक्षर, कॅर), निव्वळ वजन टनात (डबल, म्हणजे ८ बाइटांची दशांश संख्या). एफराइट या फंक्शनने तो मेमरीतून जसाच्या तसा फाइलमध्ये जातो. गावाचं नाव वेगळ्या फाइलमध्ये आहे आणि टोकनवरून जोडलं जातं. टोकन सतरा अंकी आहे: आठ अंक तारखेचे, दोन काट्याचे, सात अनुक्रमाचे.

दिसणाऱ्या चुका:

पायथनमध्ये ८ + १ + ८ = १७ बाइट धरून वाचलं की पहिलं टोकन बरोबर येतं, वजन भलतंच येतं, आणि दुसऱ्या नोंदीपासून काहीच जुळत नाही.

जावामध्ये डेटाइनपुटस्ट्रीमने वाचलं तर चाचणीसाठी टाकलेलं टोकन १ हे ७२०५७५९४०३७९२७९३६ असं दिसतं.

ते तात्पुरतं दुरुस्त करून जेसन पाठवलं, तर २०२५११०४०३००१२३४५ हे टोकन ब्राउझरच्या पडद्यावर २०२५११०४०३००१२३४४ होतं. शेवटचा अंक बदलतो.

गावनिहाय बेरजेत कऱ्हाड तीन वेळा येतं. पडद्यावर तिन्ही नावं अगदी सारखी दिसतात.

दिवसाला साधारण दोन हजार खेपा, चार काटे. जेसन, प्रोटोबफ, मेसेजपॅक, एक्सएमएल या स्वरूपांतलं काय निवडावं? आणि निवडल्यावर या चुका आपोआप जातील का?

---

बाइटक्रम

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: आपोआप एकही जाणार नाही. चार चुकांची कारणं चार वेगळी आहेत. पहिल्या दोन समजल्या की बाकीचं सोपं जातं.

पहिली. स्ट्रक्टमधल्या फील्डांची बेरीज १७ असली तरी कंपायलर ती नोंद २४ बाइटांची करतो. ६४ बिटी लिनक्सवर डबलचा पत्ता ८ ने भाग जाणारा लागतो. टोकन ० ते ७ वर, पाळी ८ वर. डबल ९ वर सुरू होऊ शकत नाही, म्हणून ९ ते १५ हे सात बाइट भरतीचे जातात आणि वजन १६ वर सुरू होतं. तुमचा पायथन ९ वरून वजन वाचतो, म्हणजे सात बाइट भरतीचे आणि एकच बाइट खऱ्या वजनाचा. दुसरी नोंद तो १७ पासून धरतो, ती मुळात आहे २४ पासून. भरतीच्या बाइटांत शून्य असेलच असंही नाही, मेमरीत आधी जे पडलेलं असेल तेच फाइलमध्ये उतरतं.

हाच कोड ३२ बिटी इंटेल लिनक्ससाठी कंपाइल केला तर तिथे स्ट्रक्टमधल्या डबलला ४ चीच सीमा पुरते, म्हणून नोंद २० बाइटांची होईल. आणि कोणी टोकनचा प्रकार ‘लाँग’ लिहिला असेल, तर तो ६४ बिटी लिनक्सवर ८ बाइटांचा आणि ६४ बिटी विंडोजवर ४ बाइटांचा असतो. थोडक्यात, तुमच्या फाइलचं स्वरूप आज कोणीच ठरवलेलं नाही, ते कंपायलर ठरवतोय.

दुसरी. इंटेल प्रोसेसर लहान बाइट आधी ठेवतो. जावाचा डेटाइनपुटस्ट्रीम मोठा बाइट आधी धरतो, आणि बाइटबफरही मुद्दाम सांगितलं नाही तर तसंच वाचतो. १ या संख्येचे आठ बाइट उलटे वाचले की २ चा ५६ वा घात होतो. तुम्हाला दिसलेला आकडा तोच.

जुन्या फाइली टाकून देऊ नका, त्या नीट वाचता येतात. पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलला सुरुवातीला ‘<’ द्या, मग क्यू, सी, सात एक्स, डी. एक्स म्हणजे सोडून द्यायचा बाइट. ‘<’ दिल्यावर पायथन स्वतः भरती धरत नाही, म्हणून ती हाताने सांगावी लागते. जावात बाइटबफरचा क्रम लिटल एंडियन (लहान बाइट आधी) करा, टोकन ० वरून आणि वजन १६ वरून घ्या, पुढची नोंद २४ वर. हे फक्त जुन्या फाइलींपुरतं. कंपायलरला भरती नको असं सांगणारं प्रॅग्मा पॅक लावून १७ बाइट करता येतील, पण तो मोह टाळा. उद्या एक फील्ड वाढलं की सगळे वाचणारे एकाच दिवशी बदलावे लागतील.

नव्या नोंदींसाठी माझा कौल प्रोटोकॉल बफर्सना, म्हणजेच प्रोटोबफला. गूगलने २००८ मध्ये ते खुले केले. सी प्लस प्लस, जावा आणि पायथन तिन्हींसाठी कोड नोंदीचं वर्णन असलेल्या एकाच प्रोटो फाइलमधून तयार होतो. मुख्य फायदा हा की नोंदीत काय आहे ते एका जागी लिहिलेलं राहतं आणि प्रत्येक फील्डला कायमचा नंबर असतो.

हे बाइटांत कसं दिसतं ते एकदा पाहून ठेवा, दोष शोधताना उपयोग होतो. समजा निव्वळ वजन हे तिसरं फील्ड आहे, प्रकार इंट३२, किंमत १८४३५ किलो. फाइलमध्ये चार बाइट जातात: २४, १३१, १४४, १. पहिला २४ म्हणजे फील्ड नंबर ३ गुणिले ८, अधिक प्रकार ०. पुढे प्रत्येक बाइटात संख्येचे सात बिट असतात, आणि १२८ मिळवलेलं असेल तर ‘अजून आहे’ असा अर्थ. १३१ मधून १२८ वजा केले की ३. १४४ मधून वजा केले की १६, तो १२८ ने गुणायचा, म्हणजे २०४८. शेवटचा १ गुणिले १६३८४. बेरीज १८४३५. इथे बाइटक्रमाचा प्रश्नच उद्भवत नाही, क्रम स्वरूपातच ठरलेला आहे.

यातून लक्षात येईल की १ ते १५ नंबरांची फील्डं एका बाइटाच्या खुणेत बसतात आणि १६ ते २०४७ ला दोन बाइट लागतात. नेहमीची फील्डं पहिल्या पंधरात ठेवा. १९००० ते १९९९९ राखीव आहेत. वजनदुरुस्तीसारखं ऋण होऊ शकणारं फील्ड असेल तर एसइंट३२ वापरा. साध्या इंट३२ मध्ये उणे ४० ला दहा बाइट लागतात, एसइंट३२ मध्ये तेच ७९ म्हणून एका बाइटात जातं. पण आधी एक आणि मग दुसरा असा बदल करू नका, दोन्हींचे बाइट एकमेकांना कळत नाहीत.

आता यातले सापळे.

प्रोटो३ मध्ये (प्रोटो फाइलींच्या भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीत) साध्या फील्डची किंमत शून्य असेल तर ते फील्ड पाठवलंच जात नाही. रिकाम्या गाडीचं वजन ‘अजून केलेलं नाही’ आणि ‘शून्य आलं’ यांत वाचणाऱ्याला फरक कळत नाही. गाडी आत भरलेली येते आणि रिकामी होऊन परत काट्यावर येते, त्या मधल्या वेळेत नेमकी हीच स्थिती असते. अशा फील्डाला ‘ऑप्शनल’ लावा, २०२१ च्या ३.१५ आवृत्तीपासून ते पुन्हा सरसकट मिळतं.

फील्ड काढून टाकलं तर त्याचा नंबर ‘रिझर्व्ड’ मध्ये लिहा. तो नंबर दुसऱ्या कामासाठी परत वापरला की जुन्या फाइलीतलं काहीतरी नव्या नावाने वाचलं जातं आणि कोणतीच एरर येत नाही.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते इथे: प्रोटोबफच्या मेसेजला शेवट नसतो. दोन नोंदी एकामागोमाग लिहून फाइल एकदम पार्स केली (वाचून फील्डांत फोडली) तर एकच नोंद मिळते, दोघींची मिसळ, आणि साध्या फील्डांत नंतरची किंमत टिकते. एररही येत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीआधी तिची लांबी लिहायची. ती लांबीही ठरवून लिहा, कारण जावाचं राइटडिलिमिटेडटू लांबी वर सांगितलेल्या सात-सात बिटांच्या पद्धतीने लिहितं. सी प्लस प्लसवाल्याने सरळ चार बाइट लिहिले तर दोघांचं जमणार नाही.

---

नोंदवही

वरचं सगळं बरोबर आहे, पण निवडीबद्दल माझं मत वेगळं आहे. दिवसाला दोन हजार नोंदी, नोंद २०० बाइटांची धरली तरी चार लाख बाइट. एवढ्यासाठी बाइट वाचवण्यात अर्थ नाही. इथे महत्त्वाचं हे की रात्रपाळीत काही बिघडलं तर फाइल उघडून डोळ्यांनी वाचता यावी, कारण शेतकऱ्याच्या हातातली पावती आणि फाइलमधली नोंद ताडून पाहावी लागते. माझ्या मते एका ओळीत एक नोंद अशी जेसनची फाइल पुरे. मजकुरात नवी ओळ आली तरी जेसन ती एस्केप करतं, त्यामुळे ओळ म्हणजेच नोंद हा नियम मोडत नाही. वीज गेली आणि शेवटची ओळ अर्धी राहिली, तर ओळ संपल्याची खूण नसलेला तुकडा वाचणाऱ्याने सोडून द्यायचा. लिहिणाऱ्याने मात्र प्रत्येक ओळीनंतर एफसिंक करायचं. नुसत्या फ्लशने मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो, डिस्कवर गेलाच असं नाही.

जेसन घेतलं की पुढच्या गोष्टी लिहून ठरवाव्या लागतात, कारण स्वरूप स्वतः त्या ठरवत नाही.

टोकन अवतरण चिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग (मजकूर) म्हणून पाठवा. तुमची तिसरी चूक हीच आहे. जावास्क्रिप्टमध्ये संख्या ६४ बिटी डबल असते आणि पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच खात्रीने नेमके राहतात. तुमचं टोकन त्याच्या दुपटीहून मोठं आहे आणि तिथे लगतच्या दोन डबलमध्ये ४ चं अंतर असतं. २०२५११०४०३००१२३४५ ला सर्वांत जवळचा डबल शेवटी ४४ असलेलाच. पायथनचा पूर्णांक हवा तेवढा मोठा होतो, म्हणून तिथे ही चूक दिसतच नाही आणि दोष ब्राउझरवर ढकलला जातो. गो भाषेतही प्रकार न सांगता पार्स केलं तर संख्या फ्लोट६४ होते. गंमत म्हणजे प्रोटोबफचं जेसन रूपसुद्धा ६४ बिटी पूर्णांक स्ट्रिंग म्हणूनच लिहितं. जो क्रमांक बेरजेत जात नाही, तो संख्या नसतो. बँक खात्याचे क्रमांकही असेच, त्यांची सुरुवातीची शून्यं गेली की खातं चुकलं.

वजन टनात आणि डबलमध्ये ठेवू नका. काटा किलोत आकडा देतो, तर पूर्णांक किलो ठेवा आणि फील्डच्या नावातच एकक घाला: निव्वळ_किलो. रक्कम पैशात, तीही पूर्णांक. एक दशांश डबलमध्ये नेमका बसत नाही आणि महिन्याच्या बेरजेत पैशाचा फरक निघतो. मग तो शोधण्यात दोन दिवस जातात.

सेन्सर तुटला तर वजन ‘नॅन’ (संख्या नाही) असं पाठवू नका. जेसनमध्ये नॅन नाहीच. तरी पायथनचं जेसन.डम्प्स ते बिनतक्रार लिहितं आणि ब्राउझरचं जेसन.पार्स तिथेच मोडतं. पायथनमध्ये अलाउ_नॅन ला फॉल्स द्या, म्हणजे चूक लिहितानाच कळेल. मोजता आलं नाही तर किंमत नल (रिकामी), आणि कारणाचं वेगळं फील्ड.

वेळ नेहमी फरकासकट: तारीख, मध्ये इंग्रजी टी, मग वेळ, शेवटी +०५:३०. नुसता आकडा पाठवलात तर पायथन सेकंद समजेल आणि जावास्क्रिप्ट मिलिसेकंद. तारखेतला एक दोष भारतात हमखास भेटतो. ब्राउझरमध्ये ४ नोव्हेंबरची स्थानिक मध्यरात्र घेऊन टूआयएसओस्ट्रिंग केलं की ३ नोव्हेंबर १८:३० असं निघतं. त्यातले पहिले दहा अक्षर तारीख म्हणून कापून घेतले की सगळ्या नोंदी आदल्या दिवसावर जातात. त्यातून तुमच्याकडे रात्रपाळी आहे. रात्री दीडची खेप आदल्या कामाच्या दिवसात धरत असाल तर ‘कामाचा_दिवस’ हे वेगळं फील्ड काट्यावरूनच भरून पाठवा. तिघांनी तिघांच्या पद्धतीने ते वेळेवरून काढायला गेलं की तीन उत्तरं येतात.

चारही प्रोग्राम एकाच मशीनवर असतील तर एसक्यूलाइटही (एका फाइलीत राहणारा डेटाबेस) विचारात घ्या. फाइलचं स्वरूप सगळ्या मशीनवर एकच असतं, बाइटक्रम तीच सांभाळते. वॉल मोड (बदल आधी वेगळ्या वॉल फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) लावा, मग वाचणारे लिहिणाऱ्याला अडवत नाहीत. बिझी टाइमआउट ५००० मिलिसेकंद ठेवा, नाहीतर ‘डेटाबेस इज लॉक्ड’ येत राहील. टेबल ‘स्ट्रिक्ट’ करा, २०२१ च्या ३.३७ पासून ती सोय आहे; नाहीतर इंटिजर स्तंभात कोणी अक्षरं टाकली तरी ती मुकाट घेतली जातात. पण नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ती फाइल ठेवू नका. वॉल मोडला सगळे प्रोग्राम एकाच मशीनवर लागतात. आणि बॅकअप म्हणून नुसती मुख्य फाइल कॉपी केली तर वॉल फाइलमधल्या ताज्या नोंदी राहून जातात, ‘व्हॅक्यूम इंटू’ वापरा.

मेसेजपॅक आणि सीबॉर (इंटरनेटचं मानक आरएफसी ८९४९, २०२०) म्हणजे ढोबळमानाने जेसनचीच रचना बायनरीत. स्कीमा (नोंदीत काय असतं याचं वर्णन) त्यांतही तुमचा तुम्हालाच लिहावा लागतो. लहान उपकरणावर जागा कमी असेल तर चांगले, तुम्हाला इथे फारसा फायदा नाही. एक्सएमएल समोरच्या यंत्रणेने मागितलं तरच.

---

काटेघर

दोघांचेही आभार. पायथनमध्ये सात एक्स टाकून जुन्या फाइली वाचल्या गेल्या, वजनं पावत्यांशी जुळली.

काटे चार वेगळ्या मशीनवर आहेत, म्हणून एसक्यूलाइट बाद. रोजच्या नोंदींसाठी ओळीला एक जेसन घेतो. पण मागच्या हंगामांच्या मिळून चाळीस लाख नोंदी पायथन आणि आर, दोन्ही भाषांत विश्लेषणासाठी लागतात. तिथे जेसन वाचायला फार वेळ जातो आणि मेमरीही भरते. त्यासाठी काय? आणि कऱ्हाडचं कोडं अजून सुटलेलं नाही.

---

स्तंभलेख

चाळीस लाखांसाठी अपाची ॲरो. हा प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला, नेमका याच कामासाठी: एका भाषेने मेमरीत मांडलेला तक्ता दुसऱ्या भाषेने पार्स न करता वापरावा.

जेसनमध्ये प्रत्येक नोंदीत प्रत्येक फील्डचं नाव पुन्हा येतं आणि प्रत्येक आकडा अक्षरांतून संख्येत बदलावा लागतो, चाळीस लाख वेळा. ॲरोमध्ये स्तंभ सलग असतो. निव्वळ_किलो इंट३२ असेल तर ४० लाख गुणिले ४, म्हणजे १ कोटी ६० लाख बाइट एका रांगेत. किंमत आहे की नाही हे दाखवायला दर नोंदीला एक बिट, म्हणजे आणखी ५ लाख बाइट. वर शून्य आणि ‘नाही’ यांचा जो घोळ सांगितला तो इथे मुळातच होत नाही. गावाचं नाव डिक्शनरी प्रकारात ठेवा: नावांची यादी एकदाच, नोंदीत फक्त १६ बिटी क्रमांक. कऱ्हाड या नावाला यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट लागतात, त्या जागी २.

फाइल ॲरोच्या आयपीसी स्वरूपात लिहा. पायथनमधल्या पंडाज लायब्ररीवाले जिला फेदर म्हणतात तिची दुसरी आवृत्ती म्हणजे हीच फाइल. न दाबता लिहिली तर पायथन आणि आर दोघेही ती मेमरी मॅप करून उघडतात, पूर्ण फाइल आधी वाचत नाहीत. एलझेड४ किंवा झेडस्टँडर्डने दाबली तर डिस्कवर छोटी होते, पण मग उघडताना सोडवावी लागते आणि मॅपिंगचा फायदा जातो. एकाच मशीनवर रोज वापरायची असेल तर न दाबता, साठवून ठेवायची असेल तर पार्के हे दाबलेलं स्तंभ-स्वरूप.

एक सापळा तुम्हाला नक्की लागणार, म्हणून सविस्तर सांगतो. ॲरोतून पंडाजमध्ये येताना, पूर्णांकांच्या स्तंभात एक जरी किंमत रिकामी असेल, तरी तो अख्खा स्तंभ फ्लोट६४ होतो. पंडाजच्या मूळ पूर्णांकात ‘नाही’ ला जागा नाही म्हणून. वजनांना त्याने काही होत नाही. पण टोकन संख्या म्हणून ठेवलं असेल तर ब्राउझरमध्ये जे झालं तेच पायथनमध्ये होईल, आणि या वेळी शोधणं अवघड, कारण रिकामं टोकन एखाद्याच फाइलीत असेल. एक तर टोकन स्ट्रिंग ठेवा, नाहीतर टू_पंडाज ला टाइप्स_मॅपरमध्ये पंडाजचा ॲरोडीटाइप द्या. आरमध्येही मूळचा ६४ बिटी पूर्णांक नाही, तिथे बिट६४ पॅकेज लागतं आणि ते लोड नसेल तर आकडे विचित्र दिसतात.

साध्या स्ट्रिंग स्तंभाच्या खुणा (मजकूर कुठे सुरू होतो ते आकडे) ३२ बिटी असतात, म्हणून एका तुकड्यात साधारण २१४ कोटी बाइटांपेक्षा जास्त मजकूर बसत नाही. तुम्ही तिथवर पोचणार नाही, पण शेरे किंवा पत्ते घालणार असाल तर लार्ज स्ट्रिंग प्रकार लक्षात असू द्या. टाइमस्टँपला एकक आणि कालक्षेत्र दोन्ही द्या: मिलिसेकंद, एशिया/कोलकाता.

रोजच्या नोंदी मात्र ॲरोत लिहू नका. एकेका खेपेसाठी त्याचं शीर्षकच नोंदीपेक्षा मोठं होतं. रात्री एकदा दिवसाची जेसन फाइल ॲरोत बदला.

---

जोडाक्षर

कऱ्हाडचं कोडं स्वरूपाचं नाही, लिपीचं आहे, आणि मराठी मजकूर असलेल्या प्रत्येक ठिकाणी ते आज ना उद्या येतंच. ऱ्ह मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिला जातो.

एक: क, ऱ, हलन्त, ह, काना, ड. सहा संकेतबिंदू (युनिकोडमधले एकेका खुणेचे क्रमांक), १८ बाइट. इथे ऱ हे एकच अक्षर आहे.

दोन: क, र, नुक्ता, हलन्त, ह, काना, ड. सात संकेतबिंदू, २१ बाइट.

तीन: क, र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक, ह, काना, ड. हेही सात आणि २१ बाइट.

चांगला फॉन्ट तिन्ही सारखेच दाखवतो. काट्यावरच्या माणसाचा कीबोर्ड एक, कार्यालयातला दुसरा, मोबाइलवरचा तिसरा, म्हणून तीन कऱ्हाड. पायथनमध्ये नावाची लेन (लांबी) छापून पाहा, लगेच कळेल. गोमध्ये लेन बाइट मोजतं आणि जावा व जावास्क्रिप्ट १६ बिटी एककं मोजतात, म्हणून लांबीवर तपासणी लिहिली असेल तर ती कोणत्या मापात ते स्पष्ट लिहा. ‘गावाचं नाव २० पर्यंत’ या नियमात पहिला कऱ्हाड सगळीकडे बसेल आणि दुसरा गोमध्ये अडकेल.

एनएफसी सामान्यीकरणाने (युनिकोडच्या ठरलेल्या एकरूप लिखाणाने) पहिला आणि दुसरा एक होतात. तिसरा होत नाही. त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो: र, हलन्त, जोडक या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त. तो फक्त या क्रमाला लावा. सरसकट सगळे जोडक पुसू नका, इतरत्र जोडाक्षर मुद्दाम उकलून दाखवायला ते वापरलेले असतात. आणि हे काम एकाच ठिकाणी करा, नोंद आत येते तिथे. चार भाषांत चार प्रती ठेवल्या की एक मागे राहते.

तरीही बेरीज नावावर करूच नये. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक आहे. नोंदीत तो पाठवा, नाव फक्त दाखवण्यापुरतं. एकाच नावाची दोन गावं दोन तालुक्यांत असतातच, तोही घोळ यातच मिटतो.

दोन छोट्या गोष्टी. पायथनचं जेसन सांगितलं नाही तर देवनागरीचं प्रत्येक अक्षर उलटी तिरकी रेघ, यू आणि चार अंक असं सहा बाइटांत लिहितं. ते नियमाला धरूनच आहे आणि खरा पार्सर ते बरोबर वाचतो, पण सी प्लस प्लसमध्ये हाताने लिहिलेला पार्सर असेल तर तो इथे अडकतो. एन्शुअर_आस्की फॉल्स केलं की अक्षराला तीन बाइट, आणि फाइल डोळ्यांनीही वाचता येते. दुसरी: विंडोजवरचे काही संपादक फाइलच्या सुरुवातीला बॉमचे, म्हणजे युनिकोडच्या खुणेचे, तीन बाइट घालतात. जेसन पाठवताना ते घालू नयेत असं आरएफसी ८२५९ सांगतो. फाइल तशी आलीच तर पायथनमध्ये यूटीएफ-८-सिग म्हणून उघडा.

जुन्या याद्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर त्यांतले बाइट मराठी नसतातच, इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेले असतात. त्या आधी स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आणा आणि गावांची यादी माणसाने वाचून तपासा. रफार आणि पहिली वेलांटी यांत परिवर्तकं हमखास चुकतात.

---

बाइटक्रम

नोंदवही यांचं आकारमानाचं म्हणणं पटलं. चार मशीन आणि दोन हजार नोंदी असतील तर जेसन घ्या. पण प्रोटोबफमुळे जी शिस्त आपोआप आली असती ती आता हाताने पाळावी लागेल.

एक नमुना फाइल बनवा आणि ती कोडबरोबरच ठेवा. दहा-बारा नोंदी पुरेत, पण त्या अडचणीच्या हव्यात: वर उल्लेखलेलं सतरा अंकी टोकन, रिकाम्या गाडीचं वजन नल असलेली नोंद आणि शून्य असलेली नोंद, दोन्ही, दुरुस्ती उणे ४०, रात्री ००:१० ची खेप, जिचा कामाचा दिवस आदला आहे, तिन्ही तऱ्हांचं कऱ्हाड, रिकामी स्ट्रिंग, अवतरण चिन्ह आणि नवी ओळ असलेला शेरा, आणि कोणालाच माहीत नसलेलं एक जास्तीचं फील्ड. प्रत्येक भाषेतल्या प्रोग्रामने ती वाचायची, पुन्हा लिहायची, आणि लिहिलेलं बाकीच्यांनी वाचायचं. तुलना फील्डागणिक करा, बाइटांची नको. जेसनमध्ये फील्डांचा क्रम बदलला तरी अर्थ तोच असतो, आणि प्रोटोबफही तीच नोंद प्रत्येक वेळी त्याच बाइटांत लिहील अशी हमी देत नाही.

जास्तीच्या फील्डाची नोंद विसरू नका. काही जेसन लायब्ररी अनोळखी फील्ड दिसलं की एरर देतात, जावामधली जॅक्सन दुसऱ्या आवृत्तीपर्यंत मुळात तशीच वागते. ते आधीच सैल करून ठेवलं नाही तर काट्यावर एक फील्ड वाढवलं की बिलाचा प्रोग्राम बंद.

बदल लावायचा क्रम: आधी तिन्ही वाचणारे नवं फील्ड समजणारे करा आणि चालू ठेवा, मग एका काट्यावर लिहिणारा बदला, एक पाळी पाहा, मग उरलेले तीन काटे. फील्ड काढायचं असेल तर उलटं: आधी सगळ्या वाचणाऱ्यांनी त्याचा वापर थांबवायचा, आणि लिहिणाऱ्यातून ते सर्वांत शेवटी काढायचं.